वाफाभर जमिनीसाठी सहा सह्या

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची, शिरोळकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, आणि आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहते. तुमचा पेपर मोबाईलवर रोज वाचते. ब्रिटनमध्ये असायलम सीकर, म्हणजे आसरा मागायला आलेल्या आणि अर्जाचा निकाल न लागलेल्या लोकांना ठेवलेल्या हॉटेलांबाहेर निदर्शनं होतात त्याच्या बातम्या तुम्ही देता ते बरोबरच आहे, पण त्यावर वाचकांची जी पत्रं येतात ती वाचून फार वाईट वाटतं. 'हे लोक फुकटचं खातात', 'नुसते बसून असतात', 'कामधंदा करायला नको'. आणि खरं सांगायचं तर हीच वाक्यं मी इथं आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा ऐकलीयेत, चांगल्या शिकलेल्या, डॉक्टर, इंजिनिअर लोकांच्या तोंडून. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, थोडं लांबेल, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

पहिली गोष्ट. हे लोक काम करत नाहीत कारण त्यांना काम करायला बंदी आहे. असायलमचा अर्ज केला की निकाल लागेपर्यंत नोकरी करता येत नाही. वर्ष उलटलं आणि उशीर अर्जदारामुळे झालेला नसला तर परवानगी मागता येते, पण तीही सरकारच्या ठरावीक यादीतल्या कामांपुरतीच. २०२२ मध्ये युक्रेनमधून जे लोक खास स्कीमखाली आले त्यांना पहिल्या दिवसापासून कामाची मुभा होती, आणि ते लगेच कामाला लागले, कोणी केअर होममध्ये, कोणी हॉटेलात, कोणी शाळेत. म्हणजे माणूस तसाच, युद्धपण तसंच, नियम तेवढा वेगळा. ज्यांना स्वतः रांधून खायच्या घरात ठेवलंय त्यांना आठवड्याला ४९ पौंडांच्या आसपास मिळतात, त्यात जेवण, कपडे, फोन, बस सगळं. ज्यांना जेवणासकट हॉटेलात ठेवलंय त्यांना आठवड्याला १० पौंडांपेक्षाही कमी. इंग्लंडमध्ये बसचं एकेरी तिकीट आता ३ पौंडांपर्यंत आहे, म्हणजे एकदा कुठंतरी जाऊन परत आलं की आठवड्याचे निम्म्याहून जास्त पैसे संपले. मग माणूस खोलीत बसून राहणार नाही तर काय करणार?

आणि हॉटेल म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर स्विमिंग पूल वगैरे येतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ५६ हजारांवर लोक असे हॉटेलांत होते, नंतर तो आकडा कमी झाला. एका खोलीत अनोळखी माणसांबरोबर राहायचं, ट्रेमधून आलेलं गरम केलेलं जेवण खायचं, स्वयंपाकघर नाही, चहाची किटलीसुद्धा सगळीकडे मिळत नाही, आणि कधी एका दिवसाच्या नोटीसवर बॅग उचलून दुसऱ्या गावाला. कुठल्या गावात राहायचं हे त्यांना निवडता येत नाही, १९९९ च्या कायद्यापासून सरकारच त्यांना देशभर वाटून टाकतं. ज्या बाईनं तीस वर्षं आपल्या घरातली चूल सांभाळली तिला वर्षभर एक कांदा चिरायला मिळत नाही हे काय असतं ते आपल्या बायकांना तरी वेगळं सांगायला नको.

आता बागेबद्दल सांगते, कारण पत्र खरं त्यासाठीच आहे.

इंग्लंडमध्ये अलॉटमेंट म्हणून प्रकार आहे. गावाच्या कडेला कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची जमीन असते, तिचे तुकडे पाडून लोकांना भाजीपाला लावायला वर्षाच्या भाड्याने देतात, एक पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं अडीच गुंठे. १९०८ चा कायदा आहे त्याचा, ज्या गरीब कामगाराला स्वतःची जमीन नाही त्याला निदान घरची भाजी पिकवता यावी म्हणून केलेला, आणि दुसऱ्या महायुद्धात तर सरकारनंच मोहीम काढून लोकांना या तुकड्यांवर बटाटे-कांदे लावायला लावले होते. शेफिल्ड डोंगरउताराचं गाव, त्यामुळे इथले तुकडे असे तिरके की वरच्या वाफ्यात पाणी घातलं की खालच्याला आपोआप मिळतं. त्यातलेच दोन तुकडे एकत्र करून काही लोकांनी सगळ्यांसाठी एक बाग केलीये, कुणाच्या एकट्याच्या नावावर नाही, आठवड्यातून दोनदा उघडते आणि जो येईल त्याला कुदळ मिळते. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त असायलम सीकर आणि रेफ्युजी असतात. मी हॉस्पिटलातली ड्युटी सांभाळून जमेल तशी जाते.

असायलम सीकरला नोकरी करता येत नाही पण चॅरिटीसाठी व्हॉलंटिअरिंग करता येतं, त्याला नियमात मोकळीक आहे. त्यामुळे बाग ही अशी जागा ठरते जिथं त्या माणसाला कायद्यानं घाम गाळता येतो. हे वाचायला साधं वाटेल पण प्रत्यक्षात बघावं लागतं. इरिट्रियाचा एक मुलगा होता, जेमतेम विशीतला, पहिल्या दिवशी आला तेव्हा कुणाशी बोलेना, मान वर करेना, त्याला कुदळ दिली तर त्यानं जेवढी जमीन आम्ही चार जणांनी सकाळपासून खणली होती तेवढी एकट्यानं दुपारपर्यंत खणली आणि वर ढेकळं फोडून असा सपाट वाफा केला की माझ्या वडिलांनीसुद्धा नावं ठेवली नसती. मग शेजारच्या तुकड्यावरचे एक रिटायर्ड स्टीलवाले आजोबा येऊन त्याला विचारायला लागले की बाबा हे पाणी अडवायचे बांध तू कसे घातलेस, माझ्याकडे सगळी माती वाहून जाते. आणि तो हातानं, इशाऱ्यानं, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये त्यांना शिकवायला लागला. इंग्लिशच्या क्लासमध्ये तो विद्यार्थी, वकिलाकडे तो केस, डॉक्टरकडे पेशंट, फूड बँकेत हात पसरणारा. बागेत मात्र त्याला काहीतरी येत होतं जे इथल्या माणसाला येत नव्हतं. मला वाटतं सगळं स्वागत-बिगत म्हणतात ना ते इथंच आहे, की आलेल्या माणसाकडून आपण काहीतरी घ्यायला तयार आहोत का. नुसतं द्यायला सगळेच तयार असतात, त्यात आपलाच मोठेपणा असतो.

भाज्यांचं तर विचारू नका. इथं अलॉटमेंटवर चाकवत तणासारखा उगवतो, इंग्लिश लोक उपटून कंपोस्टमध्ये टाकतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा जीव कळवळला, ताकातली चाकवताची भाजी डोळ्यासमोर आली. आणि बघते तर एक अफगाणी काकू त्याच ढिगाऱ्यातून कोवळे शेंडे निवडून ओढणीत बांधत होत्या. त्यांची माझी एकही भाषा जुळत नव्हती, पण त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून अख्ख्या बागेची भांगलण केली आणि भाजी अर्धी अर्धी वाटून घेतली. मेथी इराणी लोकांना लागते, त्यांची ती हिरव्या भाज्यांची आंबटसर आमटी असते मटण घालून, तिच्यात मेथी पाहिजेच. इरिट्रियाच्या बायकांना मेथीदाणे लागतात. आळीव आपण बाळंतिणीच्या लाडवाला वापरतो, इराणी लोक त्याचाच पाला कच्चा, भाकरीबरोबर खातात, आणि आळीव इथल्या थंडीत आठ-दहा दिवसांत तरारून येतो. झिम्बाब्वेच्या आणि काँगोच्या बायका भोपळा लावतात तो फळापेक्षा पानांसाठी, आणि माठ. राजगिऱ्याच्या जातीचा तो माठ, शेंगदाण्याचं कूट घालून शिजवतात, आपल्या पोकळ्याच्या भाजीत आणि त्यात मला तरी फरक कळला नाही. एका कुर्दी बाईंना समोरच्या तुकड्यावर द्राक्षाचा वेल दिसला, मालक छाटणी करून पानं फेकून देत होता, यांनी लाजत लाजत ती मागितली, आणि पुढच्या वेळी भात भरून गुंडाळलेल्या द्राक्षाच्या पानांचा डबाच आणून त्याच्या हातात ठेवला, त्यांना सुदैवानं तेव्हा चूल असलेलं घर मिळालं होतं. तो माणूस आता छाटणीची तारीख आधी येऊन सांगून जातो.

भेंडी मात्र उघड्यावर येत नाही, तिला पॉलिटनेल, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचा बोगदा लागतो, आणि सुदानी लोकांना भेंडीच पाहिजे असते, त्यावरून दरवर्षी टनेलमधल्या जागेची वाटणी करायची मीटिंग लांबते. चांगली भांडणं होतात. मला ती भांडणं आवडतात कारण जो माणूस स्वतःला पाहुणा समजतो तो जागेवरून भांडत नाही.

पण हॉटेलात स्वयंपाकघर नाही हे मी वर लिहिलंय. म्हणजे हातानं पिकवलेली भाजी घेऊन माणूस खोलीवर गेला तर तिचं करायचं काय? आमच्या बागेत पहिल्या वर्षी हाच घोळ झाला होता, लोक भाजी काढायचे आणि इथल्याच कुणालातरी देऊन रिकाम्या हातानं जायचे. शेवटी कुणीतरी गॅसची शेगडी, दोन मोठी पातेली आणि एक ताडपत्री आणली. तेव्हापासून बागेच्या दिवशी दुपारी तिथंच स्वयंपाक होतो, आज कोण रांधणार ते आदल्या खेपेला ठरतं, ज्याचा दिवस असेल तो सांगतो, बाकीचे चिरतात, भांडी घासतात. जो रांधतो तो वाढतो. पाऊस असला तरी होतं, आणि इथं पाऊस नसतो असं फार कमी वेळा होतं. कुणी मला विचारलं ना की अशी बाग सुरू करायला सगळ्यात आधी काय घ्यावं, तर मी बियाणं नाही सांगणार, शेगडी सांगेन. आणि संडास. बायका संडास नसला की येत नाहीत, दिवसभर कुठं जाणार त्या, आणि पुरुषांनी चालवलेल्या कित्येक बागांत हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

अजून एक पथ्य आम्ही पाळतो. कुणालाही तू का आलास, कसा आलास, घरी कोण आहे असं विचारायचं नाही. असायलमच्या केसमध्ये माणसाला तीच कहाणी परत परत सांगावी लागते, अधिकाऱ्याला, वकिलाला, डॉक्टरला, आणि दर वेळी समोरचा माणूस ती खरी की खोटी हे तपासत असतो. बागेत गोगलगाईंबद्दल बोला, पावसाबद्दल बोला, बटाट्यावरच्या करप्याबद्दल बोला. ज्याला सांगायचं असतं तो कधीतरी आपणहून सांगतो, खाली मान घालून रोपं लावताना, कारण तेव्हा कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. लंडनमध्ये छळ सोसून आलेल्या लोकांवर उपचार करणाऱ्या संस्थेनं १९९२ मध्ये हेच ओळखून अलॉटमेंटवर काम सुरू केलं, जेनी ग्रुट नावाच्या थेरपिस्ट बाईंनी, ज्या लोकांना बंद खोलीत खुर्चीवर बसून बोलताच येत नव्हतं त्यांना त्यांनी मातीत नेलं. बंद खोली आणि समोर प्रश्न विचारणारा माणूस, हेच तर त्यांच्या छळाचं चित्र होतं.

हे काही एका गावाचं खूळ नाहीये हे सांगायला अजून एक उदाहरण देते, आणि ते मला सगळ्यात जास्त पटलेलं आहे. जर्मनीत ग्योटिंगेन म्हणून युनिव्हर्सिटीचं गाव आहे. १९९५ च्या सुमाराला बोस्नियाच्या युद्धातून आलेल्या बायका तिथल्या सल्ला केंद्रात जमायच्या, विणकाम वगैरे करायच्या, युद्ध संपायची वाट बघायच्या. त्यांना कुणीतरी विचारलं की तुम्हाला इथं सगळ्यात जास्त कशाची उणीव भासते, तर त्या म्हणाल्या आमच्या बागांची. झालं, जमीन शोधली, आणि १९९६ पासून तिथं इंटरनॅशनल गार्डन सुरू झालं, इथिओपियाहून आलेले शेतीचे इंजिनिअर तासेव शिमेलेस यांनी ते उभं करण्यात पुढाकार घेतला. म्हणजे बाग मागणाऱ्याही निर्वासित आणि उभी करणारापण बाहेरून आलेला. आज जर्मनीभर अशा शेकडो बागा आहेत आणि बहुतेकांचं मूळ शोधत गेलं तर ग्योटिंगेनला पोचतं. इकडे इंग्लंडच्या उत्तरेला गेट्सहेडचा कॉम्फ्री प्रोजेक्ट २००१ पासून हेच करतोय. अमेरिकेत सॅन डिएगोला सोमाली बांटू लोकांनी जमिनीची मागणी लावून धरली, त्यातून २००९ मध्ये न्यू रूट्स नावाची सामुदायिक शेती उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मिशेल ओबामा ती बघायला गेल्या. ग्योटिंगेनला काय आणि सॅन डिएगोला काय, मागणी आलेल्या लोकांकडूनच आली हे लक्षात घ्या. कुणी वरून दया म्हणून दिलेलं नाही.

आता अडचणी. त्या लपवून पत्र लिहिलं तर वाचक म्हणतील ही बाई सगळं गोड गोड सांगतीये.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे माणसं हलवली जातात. लसूण इथं ऑक्टोबर-नोव्हेंबरला लावतात आणि जुलैत काढतात. ज्यानं लावला तो जुलैत बागेत असेल याची काहीच खात्री नसते. एक सुदानी शिक्षक होते, त्यांनी चार वाफे लसूण लावला, प्रत्येक पाकळी अंतर मोजून, आणि फेब्रुवारीत त्यांना दोनेकशे मैल लांब दुसऱ्या गावाला हलवलं. आम्ही लसूण काढला, वाळवला, वेण्या घातल्या आणि पार्सल केलं, पण पीक डोळ्यासमोर वाढताना बघायचं असतं ते पार्सलमध्ये जात नाही. त्यानंतर आम्ही नव्या माणसाला आधी मुळा, मेथी, कोथिंबीर, आळीव असं महिन्या-दीड महिन्यात हाताला येणारं लावायला सांगतो, आणि काही रोपं कुंडीत, म्हणजे जाताना नेता येतील. स्टेटस मिळणं, म्हणजे असायलमचा अर्ज मंजूर होणं ही आनंदाची गोष्ट, पण त्यातही लगेच राहती जागा सोडायची नोटीस येते, बराच काळ ती मुदत २८ दिवसांची होती, तेवढ्यात घर शोधा, काम शोधा, बँकेत खातं काढा. ज्या दिवशी माणसाला कायद्यानं देश मिळतो त्याच महिन्यात तो बेघर होतो असं कितीतरी जणांचं झालंय. बाग तिथं काही करू शकत नाही. फार तर कुणाच्या घरी खोली रिकामी आहे हे बागेतल्या माणसांना ठाऊक असतं, आणि खरंच दोन-तीन जणांना खोल्या तशाच मिळाल्या.

दुसरी अडचण शेजारची माणसं. सगळे काही ते स्टीलवाले आजोबा नसतात. इथं अलॉटमेंटसाठी वर्षानुवर्षं वेटिंग लिस्ट असते, मग कुणीतरी म्हणणारच की आम्ही रांगेत उभे आणि यांना जमीन दिली. ही तक्रार मी खोटी म्हणणार नाही. पण आमचे दोन्ही तुकडे काटेरी झुडपांनी भरून कित्येक वर्षं पडून होते, कुणी घेत नव्हतं, आणि रांगेतले जे लोक मदतीला आले त्यांनाही तिथं वाफे मिळाले. शेफिल्ड २००७ मध्ये ब्रिटनमधलं पहिलं 'सिटी ऑफ सँक्चुरी' झालं, निर्वासितांना आसरा देणारं गाव म्हणून, त्याचा इथं सगळ्यांना अभिमान आहे. तरी २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारीच रॉदरहॅमजवळ जमावानं असायलम सीकर राहत होते त्या हॉटेलावर हल्ला केला, माणसं आत असताना दाराशी आग लावली. त्या आठवड्यात आमच्या बागेत कोणी फिरकलं नाही, भीतीनं खोल्यांतून बाहेरच पडत नव्हते लोक. ऑगस्ट म्हणजे टोमॅटो, घेवडा सगळं ऐन भरात, एक दिवस पाणी चुकलं तरी फुलं गळतात. शेजारच्या तुकड्यांवरच्या लोकांनी आपसांत पाळ्या लावून आमच्या बागेला पाणी घातलं, कुणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन दिवसांतच शेफिल्डमध्ये आणि देशभर हजारो लोक द्वेषाच्या विरोधात रस्त्यावर उतरले, ते टीव्हीवर दिसलं. पाणी घालणारे टीव्हीवर दिसले नाहीत म्हणून मी इथं लिहितीये.

आणि कोल्हापूरकरांना तर हे परकं वाटायला नको. आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं, रशियातून इराणमार्गे जीव वाचवून आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, आणि ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीतून आलेले सिंधी लोक वसले, आजचं गांधीनगर. आमच्या घरातल्या लग्नांचं कापड तिथूनच यायचं. विदर्भातल्या वाचकांना गोंदियातली गोठणगावजवळची तिबेटी वस्ती माहीत असेल, १९७२ पासूनची, तिथं त्यांना सरकारनं शेतीला जमीन दिली आणि डोंगरातली माणसं धानाची शेती शिकली. भारतानं निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सहीसुद्धा केलेली नाही, तरी जमीन दिली. म्हणून आपल्यातलंच कोणी 'फुकटे' वगैरे बोललं की मला राग येतो, आपण जे आधी करून बसलोय त्याची आपल्यालाच आठवण नाही.

आता ज्या कामासाठी पत्र लिहायला घेतलं ते. हे विशेषतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांसाठी आहे, आणि तुमच्या वाचकांपैकी ज्यांची मुलं-सुना इकडे आहेत त्यांनी त्यांना जरूर फॉरवर्ड करा.

१९०८ च्या त्या कायद्यात एक कलम आहे, २३ वं. परिसरातल्या कुठल्याही सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी मागणी केली की आम्हाला अलॉटमेंट पाहिजे, तर कौन्सिलला त्या मागणीची दखल घ्यावीच लागते. इनर लंडन, म्हणजे लंडनचा मधला भाग सोडून इंग्लंड आणि वेल्समध्ये हे लागू आहे. असायलम सीकर मतदार नसतो आणि कौन्सिल टॅक्सही त्याच्या नावावर नसतो, त्यामुळे ज्याला जमिनीची सगळ्यात जास्त गरज त्याची सही तिथं चालत नाही. पण आपली चालते! भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर, साध्या वर्क व्हिसावर राहणाऱ्यालाही इथं मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पार्लमेंटच्या निवडणुकीत मतही देता येतं. कितीतरी मराठी लोकांना हे माहीतच नाही, दहा-दहा वर्षं राहून नाव नोंदवलेलं नसतं. एका गणपतीच्या आरतीला जेवढे लोक आपल्या हॉलमध्ये जमतात त्यात असे सहाचे कितीतरी गट होतील. तर कृपा करून आधी नाव नोंदवा, आणि मग आपल्या भागात जी संस्था निर्वासितांबरोबर काम करते तिला जाऊन विचारा की तुम्हाला बागेला जागा हवीये का. हवी असली तर सहा सह्यांचं पत्र कौन्सिलला द्या. लगेच जमीन मिळेल असं नाही, वेटिंग लिस्ट दाखवतील, पैसे नाहीत म्हणतील, तेव्हा पडीक तुकडे कुठं आहेत ते फिरून बघा आणि त्यांचे नंबर पत्रातच लिहा. गटासाठी तुकडा देता येतो का, असं स्पष्ट विचारा. पाण्याचा नळ आणि बसस्टॉप जवळ असलेली जागा मागा, हॉटेलापासून चालत जाता आलं तर सगळ्यात उत्तम, कारण ३ पौंडांचं तिकीट काढून रोज कोणी येऊ शकत नाही. ज्यांना सही-बिही जमत नाही त्यांनी आधीच चालू असलेल्या बागेत जावं, आणि लोकांच्या बसचे पैसे भरावेत, आमच्या बागेचा सगळ्यात मोठा खर्च तोच आहे.

अजून एक, बियाण्याचं. गावाकडून येताना सूटकेसमधून बी आणू नका, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे बियाण्याला रोग-कीड नसल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय ते इथं आणायला बंदी आहे आणि रोग आले तर सगळ्यांचंच नुकसान. इथल्या आपल्या किराणा दुकानातली मेथी आणि धणे पेरले तरी चांगले उगवतात, धणे तेवढे पेरायच्या आधी हलके रगडून दोन दलं वेगळी करायची. थंडी पूर्ण गेल्याशिवाय मात्र घाई करू नका, आमच्या भागात मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठतं. बटाटे त्याआधी चालतात, गुड फ्रायडेला बटाटे लावायची इथल्या लोकांची जुनी रीत आहे आणि आमच्या बागेत त्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं लागतात, सरी पाडायला. शेफिल्डच्या आसपासच्या मराठी मंडळींना माझा हा निरोप समजा. जेवण बागेतच आहे, येताना फक्त जुने बूट घालून या.

आपली,
एक वाचक, शेफिल्ड (मूळ गाव शिरोळ, जि. कोल्हापूर)